न विचारता युद्धात, न विचारता तटस्थ

१९३९च्या सप्टेंबरात कोणी माणूस सावंतवाडी संस्थानातल्या बांद्याहून गोव्यातल्या पेडण्याकडे चालत निघाला असता, तर वाटेतल्या एका अदृश्य रेषेवर त्याने महायुद्ध मागे टाकलं असतं. बांदा युद्धात होतं, पेडणे तटस्थ होतं. दोन्हीकडे भाताची खाचरं तीच, देवस्थानं ओळखीची, सोयरिकी सीमेच्या आरपार. आणि दोन्हीकडच्या कोणालाही कोणी काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्याच्या ताब्यातला मुलूख युद्धात उतरला, असं कधी म्हणायचं? त्या काळच्या आंतरराष्ट्रीय कायद्याचं उत्तर अगदी सरळ होतं. वसाहतीला स्वतःचं परराष्ट्र धोरण नसतं, म्हणून तिला स्वतःचं युद्धही नसतं आणि स्वतःची शांतताही नसते. सार्वभौम सत्ता युद्धमान झाली की तिच्या ताब्यातलं प्रत्येक बेट, प्रत्येक बंदर युद्धमान. ४ ऑगस्ट १९१४ला लंडनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं, तेव्हा भारतच काय, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाही त्याच क्षणी युद्धात ओढले गेले. १ सप्टेंबर १९३९ला लिस्बनच्या पोर्तुगीज सरकारने तटस्थता जाहीर केली, तेव्हा गोवा, दमण, दीव, मकाव, मोझांबिक, पूर्व तिमोर असे हजारो मैल विखुरलेले मुलूख एका वाक्याने तटस्थ झाले.

३ सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं. मध्यवर्ती कायदेमंडळाला विचारलं नाही, काँग्रेसच्या नेत्यांना नाही, मुस्लिम लीगलाही नाही. कायद्याने विचारण्याची गरजच नव्हती. लंडनच्या घोषणेने भारत आधीच बांधला गेला होता. पण तोवर काळ बदलला होता. स्वायत्त वसाहतींना स्वतःचे निर्णय घेऊ देणाऱ्या १९३१च्या वेस्टमिन्स्टर कायद्यानंतर कॅनडाच्या संसदेने स्वतः चर्चा केली आणि १० सप्टेंबरला वेगळी घोषणा झाली. दक्षिण आफ्रिकेत या प्रश्नावर सरकार कोसळलं. आयर्लंड तर राष्ट्रकुलात असूनही तटस्थ राहिलं. म्हणजे एकाच राजाच्या छत्राखाली कुणाला निवड होती, कुणाला नव्हती, आणि ही दरी भारताला झोंबली. आठ प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ त्यात होतं.

इथवर गोष्ट सोपी आहे. पण भारताकडे नीट पाहायला लागलं की कायद्याची ही सरळ रेघ वळणं घ्यायला लागते, आणि मला त्यातलं प्रत्येक वळण थक्क करतं.

पहिल्या महायुद्धात भारतातून दहा लाखांहून अधिक माणसं समुद्रापार गेली. मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकलेल्यांत मराठा पलटणीही होत्या. एवढं रक्त सांडल्यावर भारताला नुसतं ब्रिटनच्या मुलखात मोजणं कठीण झालं. २८ जून १९१९च्या व्हर्सायच्या तहावर भारताची वेगळी सही आहे. ती कोणी केली? ब्रिटिश मंत्रिमंडळातले भारतमंत्री एडविन माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी. त्या सहीमुळे भारत राष्ट्रसंघाचा संस्थापक सदस्य झाला. स्वराज्य नसलेला देश, आणि जगातल्या सार्वभौम राष्ट्रांच्या यादीत त्याचं नाव! गंगासिंह ज्या संस्थानाचे महाराजा होते, त्या बिकानेरलाही परराष्ट्र व्यवहाराचा अधिकार नव्हता. सगळ्याच संस्थानांनी तो ब्रिटिश राजमुकुटाच्या हाती दिला होता, म्हणून तर बांदाही युद्धात होतं.

दुसऱ्या महायुद्धात हे आणखी ठळक झालं. जानेवारी १९४२च्या आरंभी वॉशिंग्टनमध्ये २६ राष्ट्रांनी अक्ष राष्ट्रांविरुद्ध एकत्र लढण्याचा आणि वेगळा तह न करण्याचा जाहीरनामा स्वीकारला. स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी विजय आवश्यक आहे, असं त्यात म्हटलं होतं. भारतातर्फे सही होती गिरिजाशंकर बाजपेयींची. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या गोवालिया टँकवर ‘भारत छोडो’चा ठराव झाला आणि स्वातंत्र्य मागणारे तुरुंगात गेले. दुसरीकडे भारतीय सैन्य फुगत फुगत युद्ध संपेपर्यंत पंचवीस लाखांवर पोचलं. दोन्ही गोष्टी एकाच देशाच्या नावावर आहेत, आणि दोन्ही खऱ्या आहेत.

त्या सहीचं फळ पुढे मिळालं. ज्यांनी १९४२चा जाहीरनामा मान्य केला, त्यांना संयुक्त राष्ट्रांचं संस्थापक सदस्यत्व खुलं होतं. स्वतंत्र होण्याच्या दोन वर्षं आधी भारत तिथे बसला. १९४७ साली फाळणीनंतर भारताचं सदस्यत्व तसंच चालू राहिलं; पाकिस्तानला मात्र नव्याने प्रवेश घ्यावा लागला.

आता रेषेच्या पलीकडे, गोव्यात. तटस्थ बंदरात युद्धनौकेला साधारणपणे २४ तासांत निघावं लागतं, पण आश्रयाला आलेल्या व्यापारी जहाजाला ही मुदत नाही. म्हणून एरेनफेल्ससह तीन जर्मन जहाजं आणि एक इटालियन जहाज मुरगाव बंदरात वर्षानुवर्षं नांगर टाकून होती. त्यातून जर्मन पाणबुड्यांना खबरा जातात, असा ब्रिटिशांना संशय होता. तटस्थ पाण्यात हल्ला करणं १९०७च्या हेग करारानुसार निषिद्ध. तेव्हा सैन्याऐवजी कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी स्वयंसेवक दलातली, कचेऱ्यांत काम करणारी, बरीचशी मध्यमवयीन माणसं पाठवण्यात आली. ९ मार्च १९४३च्या पहाटे ती एका गाळवाहू बोटीतून येऊन एरेनफेल्सवर चढली. खलाशांनी जहाजं स्वतःच पेटवून बुडवली. ही मोहीम १९७८पर्यंत गुप्त होती.

त्याच बंदरात त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जपानचं तेइया मारू आणि स्वीडनचं ग्रिप्सहोम ही जहाजं आली. एकावर जपानच्या ताब्यातले अमेरिकन व इतर नागरिक, दुसऱ्यावर अमेरिकेच्या बाजूला अडकलेले जपानी नागरिक. मुरगावला त्यांची अदलाबदल झाली आणि हजारो माणसं आपापल्या देशांकडे वळली. शत्रूंना भेटायला जगात अशा जागा फार थोड्या उरल्या होत्या. मुरगाव त्यांतलं एक होतं, आणि तेही लिस्बनमधल्या एका निर्णयामुळे.

तीच तटस्थता तिमोरला वाचवू शकली नाही. डिसेंबर १९४१मध्ये ऑस्ट्रेलियन आणि डच सैन्य जपानच्या धास्तीने तिथे उतरलं, फेब्रुवारीत जपानी आले. पोर्तुगाल शेवटपर्यंत तटस्थ राहिला; पूर्व तिमोरमध्ये हजारो माणसं मेली.

भारताच्या बाबतीत शेवटचं वळण युद्ध संपवण्याचं आहे. २ सप्टेंबर १९४५च्या जपानच्या शरणागतीच्या दस्तऐवजावर भारताची वेगळी सही नाही. जपानी नेत्यांवरच्या युद्धगुन्ह्यांच्या टोकियोतल्या खटल्यात मात्र न्यायमूर्तींच्या अकरा जागांपैकी एक भारताची होती आणि तिथे राधाबिनोद पाल बसले. १९५१च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या शांतता परिषदेला जायला नेहरू सरकारने नकार दिला. २८ एप्रिल १९५२ला भारत सरकारने स्वतःच्या अधिसूचनेने जपानशी असलेली युद्धस्थिती संपवली, आणि ९ जूनला टोकियोत वेगळा तह केला. नुकसानभरपाईचे सगळे दावे भारताने त्यात सोडून दिले. ज्या युद्धात व्हाइसरॉयने देशाला न विचारता ओढलं होतं, ते कोणत्या अटींवर मिटवायचं हे आता दिल्लीत ठरलं.