सणाचें कार्ड आणि त्याची चित्रकर्ती

पोस्टांतून येणारें साधें कार्ड ही मूळची ऑस्ट्रियाची देणगी. १ ऑक्टोबर १८६९ रोजीं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या टपालखात्यानें दोन क्रॉइट्झर किंमतीचें कोरें कार्ड विक्रीस काढलें. हिंदुस्थानांत पाव आण्याचें कार्ड येण्यास त्यानंतर दहा वर्षें लागलीं. पुढें कार्डावर चित्र आलें, तरी मागील बाजूस केवळ पत्ता लिहावा असा नियम असल्यामुळें मजकूर चित्राच्याच कडेनें कोंबावा लागे. १९०६ च्या सुमारास मागील बाजूचे दोन भाग करून एकांत पत्ता व दुसऱ्यांत मजकूर लिहिण्याची मुभा सर्वत्र मिळाली आणि पुढची बाजू सर्वस्वीं चित्रकाराच्या स्वाधीन झाली.

ही संधि व्हिएन्ना शहरांत 'वीनर वेर्कस्टेटे' या संस्थेनें अचूक साधली. योझेफ हॉफमन व कोलोमन मोझर या कलावंतांनीं एका धनिकाच्या द्रव्यसाहाय्यानें १९०३ सालीं स्थापिलेली ही कर्मशाळा. खुर्ची असो कीं चमचा, घरांतली प्रत्येक वस्तु कलावंताच्या कल्पनेंतून उतरावी, असा तिचा आग्रह. अर्थात् असले जिन्नस श्रीमंतांनाच परवडत! १९०७ पासून संस्था कार्डें छापूं लागली, तेव्हां तिची कला सामान्य माणसाच्या खिशाला झेपली. सुमारें एक हजार निरनिराळीं कार्डें निघालीं. कोकोश्का व शीले यांच्यासारख्या नामवंतांचींही त्यांत आहेत. परंतु शंभरांहून अधिक कार्डें एका तरुण स्त्रीच्या हातचीं आहेत. तिचें नांव मेलानी कोहलर. सही मात्र 'मेला' अशी. मराठी कानाला ती चमत्कारिक वाटेल, पण त्याला इलाज नाहीं.

कोहलरबाईंचा जन्म १८८५ सालीं व्हिएन्ना येथेंच झाला. तेथील ललितकला अकादमीचें दार १९२० पर्यंत स्त्रियांना बंद होतें. कलाकौशल्याच्या विद्यालयांत मात्र मुलींना प्रवेश मिळे, आणि तेथें त्या मोझरच्या हाताखालीं शिकल्या. भव्य तैलचित्रांची वाट अशी अडविलेली. म्हणून कापड, पोषाख, कार्डें या किरकोळ समजल्या जाणाऱ्या क्षेत्रांत त्या पिढींतील अनेक स्त्रिया शिरल्या. 'बायकी कलाकुसर' म्हणून त्यांना हिणविणारे पुरुष टीकाकारही पुढें निघालेच.

व्हिएन्नांत नाताळ, नववर्ष व ईस्टर या सणांना कार्डांची धूम असे. ५ डिसेंबरच्या रात्रीं संत निकोलासासोबत येऊन हट्टी मुलांना धाक घालणारा शिंगाळ क्राम्पुस, नववर्षाचें शुभचिन्ह म्हणून डुक्कर आणि धुराडें झाडणारा, अशीं ठराविक पात्रें. जुन्या धाटणीच्या कार्डांवर देवदूत, घंटा, बर्फ, सोनेरी वेलबुट्टी यांची दाटी झालेली दिसते. कोहलरबाईंनीं ही दाटी हटविली. बहुधा मोकळी पार्श्वभूमि, तिच्यावर एकच स्त्री किंवा एखाददुसरें मूल. पोषाखावर ठसठशीत नक्षी, डोईवर ऐटदार टोपी. सण सूचित करण्यास एखादी लहानशी वस्तु पुरते.

या साधेपणास छपाईची रीतही अनुकूल होती. हीं कार्डें शिळाछापाचीं. तेलकट काडीनें दगडावर काढलेली रेघ शाई धरते, ओला दगड ती झिडकारतो, आणि प्रत्येक रंगास निराळा दगड लागतो. रविवर्म्याचीं चित्रें महाराष्ट्रांत घरोघर पोंचविणारी विद्या हीच. पण तेथें अनेक दगड वापरून तैलचित्राचा भास साधीत, तर येथें मोजके सपाट रंग उघडपणें मिरविले गेले. दुसऱ्या रीतींत दगडाचा धर्म अधिक ओळखला गेला, असें म्हणावेंसें वाटतें. संस्थेनें वस्त्रविभाग उघडल्यावर हींच कार्डें नव्या पोषाखांची जाहिरात करूं लागलीं. कोन बंधु व मुंक या व्हिएन्नांतील प्रकाशकांसाठींही कोहलरबाईंनीं पुष्कळ कार्डें काढलीं.

१९१८ सालीं साम्राज्य कोसळलें, १९३२ मध्यें संस्थाही बंद पडली. १९३४ सालीं कोहलरबाई स्वीडनला गेल्या आणि १९६० सालीं स्टॉकहोम येथें वारल्या. ओळभर शुभेच्छा लिहून पाठवावयाचीं तीं कार्डें कोणी वह्यांत चिकटवून जपलीं. त्यांतलीं कांहीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत आहेत. त्या काळच्या असंख्य कार्डांवर चित्रकाराचें नांवच नाहीं. कोहलरबाईंच्या कार्डांवर, चित्राच्या एका कोपऱ्यांत, तें स्पष्ट वाचतां येतें.