तापीच्या काठाने: वरणगावहून बघायची खानदेशातली गावं

वरणगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाला आयुध निर्माणी आठवते. १९६४ पासून इथे काडतुसं तयार होतात आणि गावाची ओळख त्या कारखान्याशीच जोडली गेली आहे. सुरत-नागपूर महामार्गावरच्या गाड्या भुसावळ सोडलं की वरणगावला न थांबता मुक्ताईनगरकडे निघून जातात. खानदेशात येणारा पाहुणाही बहुतेक वेळा अजिंठ्यासाठीच आलेला असतो. जळगावला उतरायचं, लेणी बघायची आणि रात्रीची गाडी धरायची.

अजिंठा बघायलाच हवा, त्यात वाद नाही. पण इथे दोन-तीन दिवस जास्त काढले, तर जे बघायला मिळतं ते फारसं कुणी सांगत नाही. यादवकाळातली देवळं, फारुकी सुलतानांच्या कबरी, गणितासाठी काढलेला मठ, १९३६ सालचं काँग्रेस अधिवेशन, हे सगळं साध्या गावांत आहे.

नदी धरून निघा

जिल्ह्याचा नकाशा पुढे ठेवून बेत आखला की ही गावं इकडेतिकडे विखुरलेली वाटतात. नद्यांचा नकाशा घेतला की ती एका माळेत येतात. खानदेश म्हणजे तापीचं खोरं. दक्षिणेकडून पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई अशा नद्या तिला येऊन मिळतात. जुनी वस्ती, घाट, देऊळ, गढी, बाजार हे सगळं या पाण्याच्या आधाराने उभं राहिलं. म्हणून वरणगावहून निघताना आधी तापी, मग गिरणा, आणि हातात वेळ असेल तर धुळ्याकडे, असा क्रम मला योग्य वाटतो.

चांगदेव: संगमावरचं देऊळ

वरणगावहून सर्वांत जवळचं आणि माझ्या मते सर्वांत आधी बघायचं ठिकाण म्हणजे मुक्ताईनगर तालुक्यातलं चांगदेव. तापी मुलताईपासून सातपुड्याच्या कडेने येते, पूर्णा वऱ्हाडच्या काळ्या मातीतून येते आणि दोघी इथे भेटतात. पावसाळ्याच्या तोंडावर पूर्णेला पहिला लोंढा आला की तिचं पाणी गढूळ होतं.

संगमाजवळचं देऊळ काळ्या दगडाचं आहे. चुना न वापरता दगडात दगड बसवून ते उभारलं आहे. अशा बांधणीला आपण हेमाडपंती म्हणतो. शिखर आज नाही. त्यामुळे लांबून ते बसकं दिसतं आणि घाईतला माणूस निराश होतो. त्याने जवळ जाऊन जोत्यापाशी उभं राहावं. भिंत सरळ जात नाही, ती कोनाकोनाने आत-बाहेर वळत जाते. प्रत्येक कोनावर ऊन वेगळं पडतं आणि आडव्या थरांच्या रेषा त्या वळणांबरोबर अखंड फिरतात. सकाळी नऊच्या आधी किंवा दुपारी चारनंतर गेलात तर ही छायाप्रकाशाची वीण नीट दिसते. ऐन दुपारी सगळी भिंत सपाट काळी दिसते. देऊळ भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे.

चांगदेवांची कथा मराठी माणसाला सांगायला नको. चौदाशे वर्षं जगलेला, वाघावर बसून आलेला योगी आणि त्याला सामोरी चालत गेलेली भिंत आपण लहानपणीच ऐकतो. ज्ञानेश्वरांनी त्यांना लिहिलेल्या पासष्ट ओव्या म्हणजे ‘चांगदेव पासष्टी’. या प्रबळ योग्याने गुरू केलं ते लहानग्या मुक्ताईला. आणि त्या मुक्ताईचं ठिकाण इथून जवळच आहे.

कोथळी आणि मेहूण

मुक्ताई १२९७ साली तापीकाठी विजेच्या कडकडाटात गुप्त झाली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. कोथळीला तिचं जुनं मंदिर आहे, मेहूणलाही आहे. तालुक्याच्या गावाचं जुनं नाव एदलाबाद होतं, ते मुक्ताईनगर झालं तेही तिच्यामुळेच. आषाढीला कोथळीहून निघणारी मुक्ताईची पालखी पाचशेहून अधिक किलोमीटर चालून पंढरपूरला पोहोचते. मानाच्या पालख्यांत एवढी लांबची वाट दुसऱ्या पालखीला क्वचितच असेल. ज्येष्ठात प्रस्थानाच्या वेळी इथे असणं जमलं तर जरूर जमवा. देहू-आळंदीची गर्दी इथे नसते, दिंडीतल्या माणसांशी बोलता येतं.

महाशिवरात्रीला मुक्ताई आणि चांगदेव अशी दोन्हीकडे मोठी यात्रा भरते. शिष्य आणि गुरू यांची एकाच वेळी भरणारी ही जत्रा मला खानदेशातली सर्वांत अर्थपूर्ण जत्रा वाटते.

हतनूर: पाणी आलं, गावं उठली

तापी-पूर्णेचं हे पाणी पुढे हतनूर धरणात अडतं. एकेचाळीस दरवाजांचं हे धरण भुसावळ तालुक्यातच आहे. पावसाळ्यात ‘हतनूरचे सगळे दरवाजे उघडले’ ही बातमी खाली तापीकाठच्या प्रत्येक गावात कान देऊन ऐकली जाते.

धरणाचा फुगवटा उथळ आणि पसरट आहे, गाळ भरपूर आहे. त्यामुळे हिवाळ्यात इथे बदकांची आणि चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांची चंगळ होते. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, लालसरी, नशीब असेल तर हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस दिसतात. वरणगावची चातक निसर्ग संवर्धन संस्था या पाणवठ्यावर बरीच वर्षं पक्षी मोजण्याचं काम करत आली आहे. छोट्या गावातल्या माणसांनी आपल्या पाण्यावर अशी नजर ठेवावी, याचं मला मोठं कौतुक वाटतं. डिसेंबर-जानेवारीत सूर्य वर यायच्या आत काठावर पोहोचा, दुर्बीण न्या आणि भडक रंगाचे कपडे टाळा.

या पाण्याला दुसरी बाजूही आहे. फुगवट्यामुळे कितीतरी गावं उठली, घरं-वाडे पाण्याखाली गेले आणि वस्त्या नव्या जागी बसल्या. पोर्तुगालच्या दक्षिण भागात, आलेंतेझू प्रांतात, ग्वादियाना नदीवर आल्केवा धरण झालं तेव्हा लुझ नावाचं खेडं असंच बुडालं. २००२ च्या सुमारास लोकांना शेजारी बांधलेल्या नव्या गावात नेलं आणि बुडालेल्या गावाच्या आठवणी, वस्तू, कामाची अवजारं जपणारं एक संग्रहालयही तिथे उभं राहिलं. आज लोक ते मुद्दाम बघायला जातात. हतनूरच्या काठी उठलेल्या गावांसाठी असं काहीतरी व्हावं, असं मला मनापासून वाटतं. जुनं गाव पाहिलेली माणसं अजून आहेत. त्यांच्याशी बोला, कुठली आळी कुठे होती हे ते पाण्याकडे बोट करून सांगतील.

फैजपूर

तापी ओलांडून उत्तरेला यावल तालुक्यात शिरलं की दोन्ही बाजूंना केळीच केळी. त्या पट्ट्यात फैजपूर आहे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलंच अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. खेड्यातलं अधिवेशन खेड्यातल्याच वस्तूंनी उभं राहावं, असा गांधीजींचा आग्रह होता. शांतिनिकेतनहून आलेल्या नंदलाल बोस यांनी बांबू, चटया, लाकूड असं इथलंच सामान वापरून टिळकनगर हे अधिवेशनाचं नगर उभं केलं. मुंबईच्या गवालिया टँकवरून, जिथे १८८५ चं पहिलं अधिवेशन झालं होतं, ज्योत घेऊन माणसं इथवर पायी आली. शेतसारा, खंड आणि कर्ज यांच्याबद्दलचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम इथेच मंजूर झाला. धनाजी नाना चौधरी या अधिवेशनामागचे मोठे कार्यकर्ते. गावचं महाविद्यालय आज त्यांच्या नावाने चालतं. बांबूचं नगर अधिवेशनापुरतंच होतं, त्यामुळे इथे भव्य असं काही दिसणार नाही. तरी ज्याला स्वातंत्र्यलढ्याची ओढ आहे त्याने या गावातून एक चक्कर मारावी.

गिरणाकाठ

एरंडोलजवळचं पद्मालय अनेकांना माहीत आहे. कमळांचं तळं आणि एकाच मंदिरात उजव्या-डाव्या सोंडेचे दोन गणपती. त्याच तालुक्यात फरकांडे आहे. तिथले मनोरे एक हलवला की दुसरा डोलायचा यासाठी प्रसिद्ध झाले. तिकडे वाकडी वाट करून जाताना बांधकाम जुनं आहे हे ध्यानात ठेवा, चढू नका.

खरा थांबा चाळीसगाव तालुक्यातलं बहाळ. १९५० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी इथे उत्खनन केलं. तेव्हा गिरणेच्या काठी ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती उजेडात आली. समोरच्या काठावर टेकवाड्याला त्या माणसांची दफनं सापडली. याच बहाळला शके ११४४, म्हणजे १२२२ सालचा शिलालेख आहे. यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी अनंतदेव याने इथे देवीचं मंदिर बांधल्याचं तो सांगतो. हा अनंतदेव ‘लीलावती’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांच्या घराण्यातला. आता पुढचा टप्पा आपोआप ठरतो.

पाटणादेवी: गणिताचा मठ

चाळीसगावपासून अठराएक किलोमीटरवर, गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात, डोंगराच्या कुशीत पाटणादेवी आहे. चंडिकादेवीचं देऊळ आणि हेमाडपंती महादेव मंदिर बघायला लोक येतात, केदारकुंडात पाय बुडवतात आणि परततात. या जागेचं खरं मोल मात्र एका दगडावर कोरलेलं आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६० च्या दशकात तो शिलालेख अभ्यासकांपुढे आणला.

लेख शके ११२८ चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, हाही सिंघणाच्या दरबारातला ज्योतिषी, याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला आणि इथल्या निकुंभ घराण्यातल्या राजांनी त्याला देणगी दिली. (संगमावरचे योगी चांगदेव वेगळे, हे वेगळे, नावामुळे घोटाळा होतो.) लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे, पण शेवटी देणग्यांचा तपशील आला की भाषा मराठी होते. पाटणच्या पेठेत येणाऱ्या मालावर राजाला मिळणारा कराचा वाटा मठाला दिला, असा त्याचा आशय. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी या दरीत बाजार होता, आणि तिथल्या खरेदी-विक्रीवर ‘सिद्धान्तशिरोमणी’ शिकणाऱ्या मुलांची सोय होत होती. हिशेबाचं कलम सामान्य व्यापाऱ्याला कळावं म्हणून मराठीत लिहिलं असावं, असं मला वाटतं. आपल्या भाषेच्या जुन्या लेखांमध्ये हा लेख शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत असायला हवा.

याच डोंगररांगेत वर पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. इसवी सनाच्या आधीपासूनची, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांच्या तोडीची जुनी. एका लेण्याच्या जोत्यावर हत्तींची ओळ आहे आणि दरवाजाशी द्वारपाल. तिथेच एक कोरीव नाग आहे. डोंगरातून आत पाझरणारं पाणी खडकातल्या पन्हळीने खाली आणून त्याच्या फण्यांतून बाहेर सोडायची युक्ती कारागिरांनी केली होती. इथे सापडलेला हसरा यक्ष दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलं आहे: कण्हदास, धंद्याने सोनार. पाटणादेवीहून जंगलातून वाट आहे, पण वाटाड्या आणि वनविभागाची परवानगी घेतल्याशिवाय ती धरू नका. कन्नडच्या बाजूने गाडीरस्ता सोपा पडतो.

धुळ्याकडे: थाळनेर आणि बळसाणे

शिरपूर तालुक्यातलं थाळनेर पुन्हा तापीवर. बऱ्हाणपूर वसण्याआधी फारुकी घराण्याची सत्ता इथून चाले. गावाबाहेर त्यांच्या कबरी आहेत, त्यातली अष्टकोनी कबर तर कोरीव कामासाठी मुद्दाम बघण्यासारखी. किल्ल्याचे नदीकडचे अवशेष उरले आहेत. फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रज सेनापती हिस्लॉप याने हा किल्ला घेतला, शिबंदीची कत्तल केली आणि किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिलं. त्याच्या या वागण्याची चर्चा लंडनच्या संसदेतही झाली. गावात याची नीट पाटी असावी.

साक्री तालुक्यातलं बळसाणे बुराई नदीवर. अकराव्या-बाराव्या शतकातल्या देवळांचा समूहच इथे आहे. एकेका खांबापुढे वेळ मोडतो, म्हणून बळसाण्याला अर्धा दिवस द्या.

जाण्याआधी

मुक्कामाला भुसावळ, जळगाव, चाळीसगाव आणि धुळे बरी पडतात. खेड्यांत लॉज मिळेल असं धरून चालू नका. भुसावळ मोठं जंक्शन असल्याने रेल्वेची अडचण येत नाही. चांगदेव, कोथळी, हतनूर हे एका दिवसात होतं. फैजपूरला अर्धा दिवस पुरतो. पाटणादेवीला पूर्ण दिवस ठेवा आणि अंधाराच्या आत जंगलाबाहेर पडा, तिथे बिबट्याचा वावर आहे. धुळ्याकडची गावं लांब आहेत, त्यांच्यासाठी वेगळा बेत करा. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, त्या दिवसांत येऊ नका. पाटणादेवी श्रावणात उत्तम, बाकी सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

देवळांच्या कोरीव दगडाला तेल-शेंदूर लावू नका, मूर्तीवर हात फिरवू नका. गाभारा बंद असेल तर गावातल्या एखाद्या आबांना विचारा, किल्ली कुणाकडे आहे ते त्यांना ठाऊक असतं.

आणि हिवाळ्यात आलात तर बामणोदकडच्या वांग्यांचा हंगाम असतो. काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, हिरव्या मिरचीचं, सोबत कळण्याची भाकरी. हे हॉटेलात मागण्यापेक्षा शेतावर भरीत पार्टी चालली असेल तिथे ओळख काढा. बसा म्हणतीलच.