पगार तोच, तरी साहेब रडवेला!

पगारातला एक पैसाही कापला नाही, तरी पगार घटला! कसं शक्य आहे? सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांनी याच तक्रारीने सरकारला भंडावून सोडलं होतं.

साहेबाला पगार मिळे चांदीच्या रुपयांत. पण पोरं शिकायला विलायतेत, त्यांची फी पौंडांत, आणि पौंड सोन्याचा. १८७०च्या सुमारास रुपयाला जवळजवळ २ शिलिंग मिळत. २० शिलिंगांचा एक पौंड. मग ३० पौंड पाठवायला किती रुपये? बरोबर, ३००. पुढे १८९२-९३ मध्ये रुपया सव्वा शिलिंगावर घसरला. तेच ३० पौंड, आता मोजा ४८०!

रुपया तर बदलला नव्हता. वजन एक तोळा, १२ भागांत ११ भाग चांदी. पण चांदीच स्वस्त झाली होती. अमेरिकेत नेवाडाच्या खाणींतून ती भरभरून निघाली, आणि जर्मनीने सोन्याचं चलन धरून आपली जुनी चांदी विकायला काढली. कांद्याची आवक वाढली की भाव गडगडतो ना, अगदी तसंच.

तेव्हा कुणीही चांदी घेऊन मुंबईच्या टांकसाळीत जावं, थोडी फी भरावी आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी सोय होती. त्यामुळे चांदी उतरली की रुपयाही उतरे. २६ जून १८९३ला सरकारने ही सोय बंद केली. रुपये कमी झाले की भाव चढेल, असा बेत.

तेवढ्याने साहेबांचं समाधान कुठलं! त्यांना भत्ता मिळाला. निम्म्या पगारापुरता, एका मर्यादेपर्यंत, रुपया दीड शिलिंगाचाच आहे असं धरायचं आणि फरक सरकारने भरायचा. सरकारने म्हणजे शेतसारा देणाऱ्या शेतकऱ्याने! बरं, साहेब खरंच घरी पैसे पाठवतो का, हेही कुणी विचारलं नाही. मला तरी ही चक्क लूट वाटते. १८९७ साली पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले, वय जेमतेम तीस, हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला लंडनला गेले आणि त्यांनी या भत्त्यावर टीका केली.

१८९९ मध्ये १५ रुपयांना एक सोन्याचा पौंड असा भाव कायद्याने ठरला. आता रुपयातल्या चांदीपेक्षा रुपयाचीच किंमत जास्त होती!

आजीच्या पेटीत राणीछाप रुपये असतील तर त्यांवरची सालं वाचा. १८९३च्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही तोलून बघा. झिजले नसतील तर दोन्ही साधारण ११.६६ ग्रॅमच भरतील.