देगेची कल्हई

आमच्याकडे दादीच्या जहेजात आलेली तांब्याची देग आहे. मागच्या दावतीनंतर तिच्यात उरलेला दालचा रात्रभर तसाच राहिला. सकाळी अम्मींनी चमचाभर चाखला आणि लगेच थुंकला. तोंडभर तुरट, धातूची चव! तळाची कल्हई उडून लालसर तांबे दिसत होते. अन्न टाकणे जिवावर आले, पण टाकले.

दोष एकट्या चिंचेचा नव्हे. जस्तावर आम्ल पडले की हायड्रोजनचे बुडबुडे निघतात. तांबे तेवढे क्रियाशील नाही. चिंचेतले टार्टारिक आम्ल एकटे त्याला विरघळवू शकत नाही. पण हवेतला ऑक्सिजन तांब्याला धरतो आणि तयार झालेले ऑक्साइड आम्लात विरघळते. म्हणून आंबट पदार्थ उघड्या तांब्यात जितका वेळ राहील, तितके तांबे त्यात उतरते. त्याने मळमळ, उलट्या होतात, आणि पुन्हा उकळी आणून ते तांबे काही जात नाही.

कल्हईवाला तापलेल्या देगेत नवसागर टाकतो तो हा ऑक्साइडचा थर काढण्यासाठीच. मग २३२ अंश सेल्सिअसला वितळणारे कथील कापसाने आतून फिरवतो. आमच्या मोहल्ल्यात हल्ली कल्हईवाला फिरकत नाही. स्टेशनाजवळ एकजण सापडला. देग त्याच्याकडे दिली आहे. ती येईपर्यंत दालचा स्टीलच्या पातेल्यात.