चाळीसपैकी एकोणचाळीस

अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटी आहे. तिथे एड टेंपल या प्रशिक्षकांनी चार दशकं मुलींचा धावण्याचा संघ सांभाळला. 'टायगरबेल्स' या नावाने हा संघ ओळखला जाई. टेंपल यांच्या हाताखालून ४० जणी ऑलिम्पिकपर्यंत पोहोचल्या आणि त्यांनी २३ पदकं आणली, त्यांतली १३ सोन्याची. या कृष्णवर्णीय खेळाडूंचा गौरव करायची वेळ आली, की हे आकडे हमखास सांगितले जातात आणि ते सांगायलाही हवेत. पण टेंपल यांना अभिमान होता तो आणखी एका आकड्याचा. त्या ४० जणींपैकी ३९ जणींनी पदवी मिळवली. या दोन हिशेबांत दुसरा अधिक मोलाचा आहे, आणि तो बाजूला ठेवून केलेला गौरव अर्धवट राहतो, असं माझं म्हणणं आहे. एखादी मुलगी जगातली सर्वांत वेगवान धावपटू होते, यात तिची देणगी, तिची मेहनत आणि थोडं नशीबही असतं. चाळीसपैकी एकोणचाळीस जणी पदवीधर होतात, तेव्हा मात्र त्यामागे कुणीतरी ठरवून उभी केलेली व्यवस्था असते.

ही व्यवस्था फार तुटपुंज्या साधनांवर उभी होती. १९१२ साली टेनेसी स्टेट कृष्णवर्णीयांसाठी सुरू झाली, कारण टेनेसीत काळ्या आणि गोऱ्या विद्यार्थ्यांनी एका वर्गात बसणं कायद्याला मंजूर नव्हतं. राज्याचं मुख्य विद्यापीठ नॉक्सव्हिलला होतं, आणि पदवीच्या वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश द्यायला त्याने १९६१ साल उजाडू दिलं. म्हणजे १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये ज्या मुलींनी अमेरिकेला सुवर्णपदकं मिळवून दिली, त्यांना त्याच राज्याच्या मुख्य विद्यापीठात पदवीसाठी नाव घालता आलं नसतं. पन्नासच्या दशकात टेनेसी स्टेटचा ट्रॅक म्हणजे खाचखळग्यांची मातीची वाट होती आणि त्यावर लेनच्या रेषा टेंपल स्वतः मारत. ते समाजशास्त्र शिकवत आणि सुरुवातीच्या काळात कॉलेजचं टपालही तेच बघत. मुलींसाठी खेळाची शिष्यवृत्ती नव्हती. शिक्षणाचा खर्च भागवायला प्रत्येकीला रोज दोन तास कॅम्पसवर काम करावं लागे, म्हणजे कुठे कचेरीची साफसफाई, कुठे किरकोळ कारकुनी. दक्षिणेतल्या शहरांत स्पर्धेला जायचं तर सगळ्या जणी मोटारीत दाटीवाटीने बसत आणि डबे सोबत घेत, कारण वाटेतल्या हॉटेलात काळ्या गिऱ्हाइकाला टेबल मिळत नसे. पेट्रोलपंपावरचं स्वच्छतागृहही मिळायचं नाही. गाडी शेताकडेला थांबवून भागवावं लागे. सोव्हिएत संघाच्या सरकारी प्रशिक्षण केंद्रांतून तयार झालेल्या धावपटूंशी यांची गाठ होती, हे ध्यानात घेतलं म्हणजे तफावत कळते.

या सगळ्यांत जगाला ठाऊक असलेलं नाव विल्मा रुडॉल्फचं. बावीस भावंडांतली ती विसावी. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय लुळा पडला, लोखंडी पट्ट्यांचा आधार लावावा लागला, आणि तीच मुलगी विसाव्या वर्षी रोममध्ये १०० मीटर, २०० मीटर आणि रिले अशी तीन सुवर्णपदकं जिंकली. मिल्खा सिंग ४०० मीटरमध्ये चौथे आले ते हेच ऑलिम्पिक. विल्माची गोष्ट बहुतेक वेळा चमत्कार म्हणून सांगितली जाते, आणि तिथेच ती फसते. तिच्या गावातल्या, म्हणजे क्लार्क्सव्हिलमधल्या, रुग्णालयात काळ्या मुलांवर असे उपचार होत नसत, म्हणून तिची आई तिला बसने ऐंशी किलोमीटरवरच्या नॅशव्हिलला नेई. तिथे मेहॅरी या कृष्णवर्णीयांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय होतं. बसमध्ये जागा अर्थातच मागच्या बाकांवर. आई लोकांच्या घरी धुणीभांडी करणारी. पायाला मालीश कशी करायची हे ती डॉक्टरांकडून शिकली आणि घरात मोठ्या भावंडांनी पाळ्या लावल्या. पुढे शाळकरी वयातच विल्मा टेंपल यांच्या उन्हाळी शिबिरात दाखल झाली. कृष्णवर्णीयांचं रुग्णालय, कृष्णवर्णीयांची शाळा, कृष्णवर्णीयांचं विद्यापीठ अशी ही साखळी आहे. यातली एक कडी निखळली असती, तर कदाचित विल्मा रुडॉल्फ हे नाव आज कुणाला माहीतही नसतं. सरावाला जितकी मिनिटं उशीर तितक्या फेऱ्या, असा टेंपल यांचा नियम होता. एकदा विल्मा अर्धा तास उशिरा उठली आणि तिला तीस फेऱ्या माराव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास आधीच हजर होती.

इथे एक आक्षेप नेहमी पुढे येतो, आणि तो गंभीर आहे. काळ्या माणसाचं कौतुक म्हटलं की मैदान, रिंग नाहीतर रंगमंच. त्याच्या शरीराचा गौरव करून बुद्धीबद्दल गप्प बसायची अमेरिकेची जुनी रीत आहे. डीन क्रॉमवेल या नामांकित प्रशिक्षकाने १९४१ सालच्या पुस्तकात कृष्णवर्णीय खेळाडूंच्या यशाचं कारण सांगताना त्यांना आदिमानवाच्या जवळचं ठरवलं होतं. मग खेळातल्या यशाचे सोहळे करून आपण त्याच समजुतीला खतपाणी घालतो का? नुसती पदकंच मिरवली तर घालतो. पण नीट पाहिलं तर टेनेसी स्टेटचा इतिहासच ही समजूत खोडून काढतो. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ४ बाय १०० रिलेत अमेरिकेला कांस्यपदक मिळवून देणाऱ्या मे फॅग्ज, मार्गारेट मॅथ्यूज, विल्मा रुडॉल्फ आणि इझाबेल डॅनियल्स या चौघीही याच विद्यापीठाच्या. रोमला सुवर्ण जिंकणाऱ्या मार्था हडसन, बार्बरा जोन्स, लुसिंडा विल्यम्स आणि विल्मा याही इथल्याच. १९६४ साली टोकियोत १०० मीटरमध्ये वायोमिया टायस पहिली आणि इडिथ मॅग्वायर दुसरी. दोघी जॉर्जियाच्या आणि दोघी टेंपल यांच्या विद्यार्थिनी. कृष्णवर्णीय वस्ती तर सगळ्या अमेरिकेत होती. वेग जर रक्तातच असता, तर पदकंही सगळीकडून आली असती. ती एकाच कॅम्पसवरून इतकी का यावीत? उत्तर सरळ आहे. गोऱ्यांच्या बहुतेक कॉलेजांनी स्त्रियांच्या स्पर्धात्मक खेळाला 'बायकी नाही' म्हणून कधीच बाजूला सारलं होतं. १९२८ साली ८०० मीटरनंतर काही धावपटू दमल्याचा एवढा बाऊ झाला, की ही शर्यत स्त्रियांसाठी १९६० पर्यंत ऑलिम्पिकमधून बादच झाली. जे दार इतरांनी बंद केलं, ते आधी अलाबामातल्या टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या संस्थेने आणि मग टेनेसी स्टेटने उघडं ठेवलं. त्यावर कुणी म्हणेल, मैदान मोकळं होतं म्हणून या जिंकल्या. अमेरिकेत असेलही मोकळं; ऑलिम्पिकमध्ये समोर रशियन, जर्मन, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन होत्या. तीच ८०० मीटरची शर्यत १९६८ मध्ये मॅडलिन मॅनिंगने जिंकली, तीही टेनेसी स्टेटची.

दुसरा आक्षेप टेंपल यांच्या शिस्तीबद्दल आहे. मुलींनी कुणाच्या मोटारीत बसायचं नाही, शर्यत संपल्यावर केस आणि कपडे नीटनेटके करूनच छायाचित्रकारांसमोर यायचं, गुण ठरावीक पातळीच्या खाली येऊ द्यायचे नाहीत. आजच्या वाचकाला, विशेषतः वाचक स्त्रीला, यात बापाचा धाक दिसेल. आणि तो होताच. मुलग्यांच्या दिसण्याची एवढी चौकशी कुणी करत नव्हतं. राल्फ बॉस्टन याच विद्यापीठाचा, त्याने १९६० मध्ये जेसी ओवेन्सचा लांब उडीतला पंचवीस वर्षांचा विश्वविक्रम मोडला, पण त्याने केस विंचरले की नाहीत याने कुणाचंच काही अडलं नाही. मात्र टेंपल यांचे नियम दगडावरची रेघ नव्हते. मूल असलेल्या मुलीला संघात घ्यायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. शाळेच्या शेवटच्या वर्षात विल्मा गरोदर राहिली, १९५८ साली तिला मुलगी झाली, आणि तरीही टेंपल यांनी विल्माला संघात घेतलं. गुणांबाबतची सक्ती तर मला धाकापेक्षा दूरदृष्टी वाटते. हौशी खेळाडूंच्या त्या जमान्यात पदकावर एक पैसा मिळत नव्हता. तिशीच्या आत करिअर संपायचं आणि पुढची चाळीस वर्षं पोट भरायला पदवीच कामी यायची.

ती कामी आलीही. मे फॅग्ज सिनसिनाटी भागात आणि लुसिंडा विल्यम्स डेटनमध्ये शिक्षिका झाल्या. इडिथ मॅग्वायरनेही आधी शिक्षकी केली आणि मग पतीबरोबर व्यवसाय उभारला. वायोमिया टायस लॉस एंजेलिसच्या शाळांत मुलांना निसर्गशिक्षण देत राहिली. याच टायसने १९६८ साली मेक्सिकोत १०० मीटरचं सुवर्ण राखलं. सलग दोन ऑलिम्पिकमध्ये हे करणारी ती जगातली पहिली व्यक्ती, पुरुषांनाही जमेस धरून. कार्ल लुइसला ते जमायला १९८८ उजाडलं. टायसने रिलेचं सुवर्णपदक टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांना अर्पण केलं. विजयमंचावर मूठ उंचावल्याबद्दल ज्यांना संघातून घरी पाठवलं, ते हेच दोघे.

आता प्रश्न उरतो, गौरव करायचा कुणी आणि कोणत्या तोंडाने? ऑक्टोबर १९६० मध्ये क्लार्क्सव्हिलने विल्माची मिरवणूक काढायचं ठरवलं. काळे-गोरे वेगळे बसणार असतील तर मी येणार नाही, असं तिने कळवलं. शहराला ऐकावं लागलं, आणि त्या गावातला तो पहिला एकत्र समारंभ ठरला. राज्याचे त्या वेळचे गव्हर्नर ब्यूफर्ड एलिंग्टन वंशभेदाचे उघड पुरस्कर्ते म्हणून निवडून आले होते. १९६१ साली आंतरराज्य बसमधल्या भेदभावाला आव्हान देणारे 'फ्रीडम रायडर्स' निघाले, तेव्हा त्यांत टेनेसी स्टेटचे विद्यार्थीही होते, आणि विद्यापीठाने अशा १४ जणांना काढून टाकलं. दबाव वरून होता, हे खरं. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेला तो झुगारणं सोपं नव्हतं, हेही खरं. पण धावून पदक आणणाऱ्या विद्यार्थिनीची मिरवणूक निघते आणि बसमध्ये बसणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव हजेरीपटावरून कमी होतं, यातून त्या काळात कोणतं यश चालत होतं ते कळतं. विल्माला ते कळलं असावं. मे १९६३ मध्ये, पदवीच्याच वर्षी, ती क्लार्क्सव्हिलमधल्या एका हॉटेलसमोरच्या निदर्शनांत उभी होती. त्या १४ जणांना मानद डॉक्टरेट मिळायला २००८ साल उजाडलं.

खेळाडूंच्या नावाचे फलकही लागले. क्लार्क्सव्हिलच्या मोठ्या रस्त्याला विल्माचं नाव आहे, विद्यापीठाच्या वसतिगृहाला आहे; नॅशव्हिलमध्ये टेंपल यांचा पुतळा २०१५ साली उभा राहिला, मृत्यूच्या वर्षभर आधी. यातलं काहीही गैर नाही. पण २०२१ साली राज्याच्याच विधिमंडळाच्या समितीने हिशेब मांडला, की १९५७ पासून या विद्यापीठाला राज्याकडून मिळायला हवी असलेली किमान १५ कोटी आणि कमाल ५४ कोटी ४० लाख डॉलरची रक्कम मिळालेलीच नाही. १९५७ म्हणजे मेलबर्नच्या कांस्यपदकानंतरचं वर्ष. टायगरबेल्सच्या यशाचा सगळा सुवर्णकाळ या थकबाकीच्या काळातच पार पडला. २०२२ मध्ये राज्याने विद्यापीठाच्या इमारती आणि सुविधांसाठी २५ कोटी डॉलर मंजूर केले. टेनेसीने आपल्या या पदवीधरांचा आजवर जो काही गौरव केला, त्यात खरा म्हणावा असा हाच एक. तोसुद्धा समितीने धरलेल्या कमाल रकमेच्या निम्माही नाही.