रखवालदारच जेव्हा दार अडवतो

लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडायची ती हिशेबाची वही, जळगावच्या सराफाची असो की धुळ्याच्या अडत्याची, आता बहुधा संगणकात असते. घरोघरचे फोटोही तिथेच. त्यांच्या राखणीला अँटिव्हायरस हवाच. पण त्याची नवी आवृत्ती चढवावी, तो कधी यंत्र मंदावते, कधी सुरूच होत नाही! असे का व्हावे?

कारण साधे आहे. हा रखवालदार ओसरीवर नव्हे, थेट माजघरात बसतो. उघडणारी प्रत्येक फाईल त्याच्या नजरेखालून जाते. तो चुकला की घरच बंद! २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या अपडेटने विंडोज एक्सपीचीच एक आवश्यक फाईल चोर समजून धरली. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख संगणक ठप्प झाले. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले.

मग रखवालदारच नको म्हणायचे काय? छे! नवा आणण्यापूर्वी जुना रीतसर काढावा. एका दारात दोघे असले की एकमेकांच्याच वाटेत येतात. आणि त्याआधी हिशेबाची, फोटोंची प्रत वेगळ्या डिस्कवर उतरवून ती कपाटात ठेवावी. व्यापाऱ्याने दोन वह्या ठेवू नयेत म्हणतात. ही दुसरी मात्र अवश्य ठेवावी!