पेट्रोल भरले, पण मोटार सुरू होईना

मे महिन्यातील दुपार. नागपूरहून जबलपूरकडे निघालेले एखादे कुटुंब वाटेत पेट्रोल भरण्यासाठी थांबते. टाकी काठोकाठ भरली जाते, पैसे दिले जातात, मुले आपापल्या जागी बसतात. आणि किल्ली फिरवल्यावर एंजिन नुसते घरघरत राहते. दोन तास विनातक्रार धावलेली मोटार पोट भरताच रुसून बसावी, ह्याचा अर्थ मालकाला लागत नाही. 'पेट्रोलच भेसळीचे आहे' असा निवाडा तत्काळ होतो आणि सारा राग पंपाची नळी हाती धरून उभ्या असलेल्या पोऱ्यावर निघतो.

हा राग बहुधा अस्थानी असतो. टाकीत आत्ताच पडलेले पेट्रोल एंजिनापर्यंत लगेच पोहोचत नाही. मधल्या नळ्यांत आणि गाळणीत आधीचे, म्हणजे ज्यावर मोटार इथवर आली तेच पेट्रोल असते, आणि एंजिन सुरू होण्यापुरते ते पुरेसे असते. पेट्रोलमध्ये पाणी असले किंवा चुकून डिझेल पडले, तर मोटार सामान्यतः पंपावरून सुखरूप निघते आणि थोडे अंतर जाऊन आचके देऊ लागते. जागच्या जागी अडणाऱ्या मोटारीचे दुखणे निराळे असते.

ते ओळखण्यासाठी प्रथम कान द्यावा. किल्ली फिरवल्यावर एंजिन फिरतच नसेल, नुसता 'टक्' असा आवाज येत असेल आणि दिवे मंदावत असतील, तर दोष बॅटरीचा किंवा तिच्या सैल झालेल्या जोडांचा. इंधनाशी त्याचा संबंध नाही. पंपावर एंजिन बंद करावे लागले, म्हणून तो तेथे उघडकीस आला इतकेच.

एंजिन जोमाने फिरते पण पेट घेत नाही, आणि पेट्रोलचा उग्र वास येतो, अशी स्थिती असेल तर प्रकरण अधिक मनोरंजक आहे. टाकीत पेट्रोल ओतले जाते तेव्हा तेथील बाष्पाला बाहेर पडावे लागते. ते हवेत मिसळू नये म्हणून आजच्या पेट्रोल मोटारीत कोळशाच्या भुकटीने भरलेला एक डबा असतो. कोळसा हे बाष्प शोषून धरतो आणि पुढे एंजिन चालू असताना ते थोडे थोडे आत ओढून जाळले जाते. डबा आणि एंजिन ह्यांच्यामध्ये विजेवर उघडणारी एक लहानशी झडप असते. एंजिन बंद असताना ती घट्ट मिटलेली असली पाहिजे. धुळीने वा झिजेने ती अर्धवट उघडी राहिली, तर पेट्रोल भरताना लोटले गेलेले बाष्प थेट एंजिनाच्या श्वासनलिकेत शिरते. पेट्रोल नीट जळण्यास वजनाने सुमारे १५ पट हवा लागते. येथे हवा उणी आणि बाष्प भारी, म्हणून ठिणगी पडूनही मिश्रण पेट घेत नाही. एरवी निर्दोष असलेली मोटार केवळ पेट्रोल भरल्यावरच, आणि पुनःपुन्हा, अडत असेल तर संशयाची सुई प्रथम ह्या झडपेकडे वळवावी.

तात्पुरता उपाय सोपा आहे. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावा आणि मग किल्ली फिरवावी. पुष्कळशा आधुनिक मोटारींत असे केल्याने पेट्रोलचा फवारा बंद राहतो आणि नुसती हवा आत जाऊन बाष्प निघून जाते. दहा सेकंदांपेक्षा अधिक वेळ किल्ली धरू नये; मध्ये विश्रांती द्यावी. एंजिन थोडे अडखळत सुरू होते आणि मिनिटभरात सावरते. पुढे गॅरेजमध्ये झडप काढून तिच्यात फुंकर मारून पाहतात. वीज न देता हवा आरपार गेली, तर झडप बदलावी लागते.

ह्या दुखण्याला मालकाची एक सवयही हातभार लावते. नळी 'खट्' असा आवाज करून आपोआप थांबली, की टाकी भरली असे समजावे. परंतु रुपयांचा आकडा गोल करण्याच्या हौसेने आणखी थोडे, आणखी थोडे असे ओतले जाते. मग बाष्पाऐवजी पेट्रोलच त्या डब्यात जाते आणि कोळसा निकामी होतो.

२०१४ साली उत्पादन थांबलेल्या अँबॅसडरच्या जुन्या नमुन्यांतली गोष्ट वेगळी होती. त्यांत पेट्रोल ओढणारा पंप तापलेल्या एंजिनालाच चिकटलेला असे. उन्हाळ्यात थांबल्यावर त्यातील पेट्रोलची वाफ होई आणि पंपाला ती ओढवत नसे. ड्रायव्हर पंपावर ओले फडके ठेवून निवांत विडी ओढी. अर्थात पेट्रोल पंपापासून दूर जाऊन, अशी आशा करू या. आता पंप टाकीतच बसवलेला असल्याने हा त्रास जवळजवळ संपला आहे.

एका बाबतीत मात्र घाई महागात पडते. पावतीवर इंधनाचे नाव पाहावे. डिझेल मोटारीत पेट्रोल पडले असेल, तर किल्लीला हातच लावू नये. डिझेल हे तेथील पंपाचे वंगणही असते. पेट्रोलने ते धुऊन जाते, धातू धातूवर घासतो आणि त्याचा कीस साऱ्या यंत्रणेत पसरतो. टाकी उपसण्याचा खर्च त्यापुढे किरकोळ ठरतो.

काहीही करण्यापूर्वी मोटार ढकलून नळ्यांपासून दूर न्यावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत रेंगाळते. ठिणगी येते की नाही हे पाहण्यासाठी प्लगची तार तेथेच उपटणे म्हणजे काडी ओढण्यासारखेच. आणि एवढे करूनही पेट्रोलविषयी शंका उरलीच, तर भांडण्याचे कारण नाही. पंपावर गाळणकागद मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. नळीचे टोक पुसून कागदावर एक थेंब टाकावा. शुद्ध पेट्रोल दोन मिनिटांत डाग न ठेवता उडून जाते.